धोबी तलाव ते 'अलबेला' : नागर वस्तीतील लॅटिन लयीची मुळे – एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

संगीताचा इतिहास लिहिताना मराठी समीक्षेने प्रामुख्याने दोन आधार घेतले आहेत. एक घराण्याचा आणि दुसरा कलावंताच्या चरित्राचा. ग्वाल्हेर, जयपूर, किराणा ही नावे गावांची असली तरी समीक्षेत ती गायकीची नावे म्हणूनच वावरतात. लोकसंगीताचा विचार प्रदेशाच्या अंगाने होतो, नाट्यसंगीताचा नाटकमंडळ्यांच्या अंगाने होतो. परंतु शहरातील एखादी वस्ती, तिच्यातील भाड्याच्या खोल्या, चर्च, वाद्यांची दुकाने व उपाहारगृहे यांच्यामधून एखादी संगीतशैली कशी आकार घेते, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला गेला. पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न आता रुळलेला आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मिशन डिस्ट्रिक्ट या वस्तीतून 'लॅटिन रॉक' कसे उदयास आले, याची चर्चा तेथील सांस्कृतिक इतिहासाचा एक स्वीकृत भाग झाली आहे.

मुंबईतील धोबी तलाव ही अशीच एक वस्ती होय. या परिसरात वास्तव्य करणाऱ्या वा तेथे नित्य ये-जा करणाऱ्या गोमंतकीय वादकांनी क्युबा, ब्राझील आणि अमेरिकेतील लयी हिंदी चित्रपटसंगीतात आणि कोकणी गीतांत रुजविल्या. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेची मुळे शोधण्याचा आणि तिच्यासंबंधी मराठी रसिकांत व समीक्षकांत दृढ झालेल्या 'उसनवारी'च्या आक्षेपाची तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. या विवेचनाचा यवतमाळसारख्या जिल्ह्याशी काय संबंध, अशी शंका सकृद्दर्शनी येऊ शकेल. तिचे उत्तर लेखाच्या ओघात येईलच.

'लॅटिन' या संज्ञेची व्याप्ती

विवेचनाच्या सोयीसाठी प्रथम संज्ञेचा विचार करणे आवश्यक आहे. संगीताच्या संदर्भात 'लॅटिन' ही संज्ञा लॅटिन अमेरिकेतील, विशेषतः क्युबा, प्वेर्तो रिको, मेक्सिको व ब्राझील येथील संगीतासाठी वापरली जाते. या संगीतात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांची लय आणि स्पेन-पोर्तुगालची गीतपरंपरा यांचा संयोग झालेला आहे. रुम्बा, मॅम्बो, चा-चा-चा, सांबा, बोसा नोव्हा ही त्याची काही रूपे होत.

गोव्यावर साडेचारशे वर्षे पोर्तुगिजांचे राज्य होते. त्यामुळे गोमंतकीय वादकांना ही लय पोर्तुगालमार्गे वारशाने मिळाली, असा समज सहज होऊ शकतो. तो तपासून घेतला पाहिजे. गोव्यातील मांडो, दुलपोद, देखणी या गीतप्रकारांवर पाश्चात्त्य स्वरसंहतीचा संस्कार असला तरी क्युबन तालरचनेशी त्यांचे थेट नाते नाही. क्युबन लयी मुंबईत आल्या त्या ग्रामोफोनच्या तबकड्या, छापील स्वरलिपी, हॉलिवूडचे चित्रपट आणि हॉटेलांतील परदेशी वाद्यवृंद यांच्या मार्गाने. १९३० च्या दशकात रुम्बाचे वेड जगभर पसरले, त्याच दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन अॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद १९३५ साली आला. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे कलावंत भारतात आले व येथेच रमले. तात्पर्य, पोर्तुगिजांनी गोमंतकीयांना लॅटिन लय दिली नाही. ती लय वाचता व वाजविता येण्याची साक्षरता दिली. हा भेद महत्त्वाचा आहे.

पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरवाचन व व्हायोलिनचे शिक्षण दिले जाई. प्रार्थनेची भाषा लॅटिन होती आणि त्या प्रार्थना स्वरलिपी पाहून गाव्या लागत. गावोगावच्या मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी अक्षरओळखीसारखी येऊ लागली. शेती तुटपुंजी, उद्योग जवळजवळ नाहीत, अशा स्थितीत हीच विद्या परप्रांती पोट भरण्याचे साधन झाली. पोलीस बँड, संस्थानिकांचे बँड, जहाजावरील वाद्यवृंद, मूकपटाच्या पडद्यासमोरील वादन आणि पुढे हॉटेले, असा तिचा प्रवास झाला.

धोबी तलाव : वस्तीची जडणघडण

ज्या तळ्यावरून या भागाला नाव मिळाले ते तळे केव्हाच बुजविले गेले. काळबादेवी, गिरगाव आणि प्रिन्सेस स्ट्रीट यांच्या सांध्यावर वसलेल्या या भागाजवळ मरीन लाइन्सचे स्थानक आहे. या वस्तीचे वैशिष्ट्य म्हणजे गोमंतकीयांचे 'कूड'. कूड म्हणजे एका गावातील लोकांनी मुंबईत चालविलेले सामायिक निवासस्थान. जेर महालसारख्या जुन्या इमारतीत असे कूड दाटीवाटीने होते. जहाजावर नोकरी धरणारा खलाशी, घरकामासाठी आलेला स्वयंपाकी आणि वाद्यवृंदात जागा शोधणारा वादक हे सारे तेथे अल्प भाड्यात राहत. भिंतीलगत पेट्या रचलेल्या असत, एका कोपऱ्यात गावच्या संताची वेदी असे आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना होत असे.

संगीताच्या दृष्टीने कुडाचे महत्त्व तीन कारणांनी आहे. पहिले, तेथे काम मिळण्याची बातमी मिळे. दुसरे, निरनिराळ्या वाद्यांचे वादक एका छताखाली वा हाकेच्या अंतरावर असल्याने आयत्या वेळी वाद्यवृंद उभा करता येई. तिसरे, जहाजावरून परतणारा खलाशी नव्या तबकड्या आणि नवी गाणी घेऊन येई. या परिसरातच १८६५ साली स्थापन झालेले फुर्तादो यांचे दुकान होते, जेथे पाश्चात्त्य वाद्ये व स्वरलिपीची पुस्तके मिळत. जवळच्या रंगमंचांवर कोकणी तियात्र होत. १७ एप्रिल १८९२ रोजी 'इटालियन भुर्गो' या पहिल्या तियात्राचा प्रयोग गोव्यात नव्हे, मुंबईत झाला, ही बाब येथे लक्षणीय ठरते. स्थलांतरितांची कला पुष्कळदा मूळ गावाआधी शहरात नवे रूप धारण करते, याचे हे ठळक उदाहरण होय.

हॉटेलातून स्टुडिओकडे

हॉटेलातील वादक चित्रपटसंगीताकडे का वळले, याची कारणे केवळ कलात्मक नाहीत. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील रात्रीच्या कार्यक्रमांची आर्थिक बाजू कोसळली. युरोपीय प्रेक्षकवर्गही स्वातंत्र्यानंतर ओसरला होता. याच सुमारास हिंदी चित्रपटांतील वाद्यवृंदाचा आकार वाढू लागला. पेटी, तबला, सारंगी यांच्या जोडीला व्हायोलिनचा ताफा, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, अॅकॉर्डियन आले. परंतु पन्नास वादकांना एकाच वेळी काय वाजवायचे हे तोंडी सांगता येत नाही. तेथे लिखित स्वरलिपीची गरज निर्माण झाली. बहुतेक संगीतकार मौखिक परंपरेत वाढलेले असल्याने चाल त्यांच्याकडे होती, लेखन नव्हते. ही उणीव गोमंतकीय वादकांनी भरून काढली आणि 'संगीत संयोजक' हे नवे पद जन्माला आले.

शंकर-जयकिशन यांच्यासाठी सॅबेस्टियन डिसोझा यांनी, सी. रामचंद्र यांच्यासाठी चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे आंतोनियो झेवियर वाझ यांनी, तसेच अँथनी गोन्सालविस, फ्रँक फर्नांड आदींनी विविध संगीतकारांसाठी हे काम केले. पारशी तालवादक कावस लॉर्ड यांनी बोंगो, काँगा यांसारखी लॅटिन तालवाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रुळविण्यात मोठा वाटा उचलला. म्हणजेच ही वस्ती केवळ गोमंतकीयांची नव्हती. तिच्याभोवती पारशी वादक, महाराष्ट्रीय संगीतकार, पंजाबी निर्माते आणि ढोलकीवर हात बसलेले देशी तालवादक यांचे एक कामकरी जग उभे होते.

दोन गीतांची तुलना

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. हे संगीत 'उसने' होते काय? या प्रश्नाचे उत्तर सरसकट देता येत नाही. सी. रामचंद्र यांच्या दोन चित्रपटांतील गीतांची तुलना येथे उपयुक्त ठरेल.

'समाधी' (१९५०) या चित्रपटातील 'गोरे गोरे ओ बांके छोरे' हे गीत अत्यंत लोकप्रिय झाले. त्याची चाल 'डॉल फेस' (१९४५) या हॉलिवूडपटात कारमेन मिरांडा यांनी गायिलेल्या 'चिको चिको' या गीतावर बेतलेली आहे. येथे उसनवारीचा आक्षेप मान्य करावाच लागतो. मात्र मूळ गीतही न्यूयॉर्क-हॉलिवूडच्या व्यावसायिकांनी लॅटिन ढंगाची नक्कल करून घडविलेले होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मुंबईपर्यंत पोहोचलेला हा 'लॅटिन' पहिल्या हाताचा नव्हताच.

'अलबेला' (१९५१) मध्ये परिस्थिती वेगळी आहे. 'शोला जो भडके' या गीतात परकीय लयीचा उपयोग असला तरी गीताची प्रकृती एका चालीच्या उचलेगिरीतून ठरत नाही. लय लॅटिन ढंगाची आहे, गीताची भाषा हिंदी आहे, सवाल-जवाबाप्रमाणे स्त्री-पुरुष स्वरांची देवघेव आहे आणि पडद्यावरील नृत्य भगवानदादांचे आहे. याच चित्रपटातील दुसऱ्या एका नृत्यगीतात चिक चॉकलेट व त्यांचे साथीदार झालरींच्या क्युबन धाटणीच्या पोशाखात प्रत्यक्ष पडद्यावर दिसतात. आणि याच 'अलबेला'मध्ये 'धीरे से आजा री अखियन में' ही पिलू रागाच्या अंगाने जाणारी अंगाईही आहे. विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला, पुणतांब्यात जन्मलेला एक मराठी संगीतकार एकाच चित्रपटात या दोन्ही टोकांना सहज स्पर्श करतो. येथे 'नक्कल' हा शब्द अपुरा पडतो.

भगवानदादांचा उल्लेख विदर्भातील वाचकांसाठी विशेष अर्थपूर्ण आहे. भगवान आबाजी पालव यांचा जन्म १९१३ साली अमरावतीस झाला. वडील गिरणी कामगार. मुंबईच्या कामगारवस्तीत ते वाढले. त्यांचे नृत्य कोणत्याही शास्त्रातून आलेले नाही. खांदे व मनगटे हलवीत, पाय फारसे न उचलता पुढे सरकणारी ती चाल आजही गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत दिसते. रस्त्यावर नाचणाऱ्या सामान्य माणसाला ती जमते, हेच तिचे बळ. धोबी तलावची लय आणि गिरणगावचे शरीर यांची गाठ 'अलबेला'मध्ये पडली, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये.

लय का रुजली? तालशास्त्रीय विचार

परकीय गोष्ट लोकप्रिय झाली याचे श्रेय केवळ नवलाईला देणे योग्य नाही. नवलाई काही महिन्यांत ओसरते. ही लय मात्र टिकली. याचे एक कारण तालाच्या रचनेत शोधता येते.

चित्रपटगीतांचा सर्वाधिक प्रचलित ताल केरवा आठ मात्रांचा आहे. चार-चार मात्रांच्या दोन विभागांत पहिल्या मात्रेवर सम व पाचव्या मात्रेवर खाली येते. क्युबन संगीतातील एक मूलभूत आकृतिबंधही आठ घटकांचाच आहे. पण त्याची विभागणी तीन, तीन आणि दोन अशी होते. आघात पहिल्या, चौथ्या व सातव्या घटकावर पडतात. या आकृतिबंधाचा विस्तार म्हणजे 'क्लावे'. तीन-दोन पद्धतीच्या क्लावेत सोळा सूक्ष्म घटकांपैकी पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या घटकावर असे पाच आघात येतात. आवर्तनाची लांबी तीच राहते, सम तीच राहते. मधले आघात मात्र अपेक्षित जागेवरून सरकतात.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, ढोलकीवाला आपला केरवा वाजवीत राहिला आणि बोंगोवाल्याने त्यावर तीन-तीन-दोनची आकृती मांडली, तरी दोघे समेवर अचूक भेटतात. मधल्या जागांत मात्र एक ओढ निर्माण होते. लग्गी-लडीत रमणाऱ्या, आड लयीची चव असणाऱ्या भारतीय कानाला ही ओढ परकी वाटण्याचे कारण नव्हते. ही लय येथे रुजली, कारण तिच्यासाठी जागा येथील तालात आधीच होती. स्टुडिओतील वादकांनी ती जागा ओळखली, हे त्यांचे श्रेय.

मिशन डिस्ट्रिक्टशी तुलना

सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन डिस्ट्रिक्टमध्ये मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहत. कार्लोस सान्ताना यांचा जन्म १९४७ साली मेक्सिकोतील आउतलान येथे झाला. वडील मारियाची परंपरेतील व्हायोलिनवादक होते. कुटुंब या वस्तीत आल्यावर तेथील शाळेत शिकत असतानाच कार्लोस ब्लूज आणि रॉककडे ओढले गेले. १९६६ साली त्यांचा वाद्यवृंद उभा राहिला. त्यात निकाराग्वातून आलेले तालवादक होसे 'चेपितो' आरेआस होते, तसेच गोरे व कृष्णवर्णीय वादकही होते. ऑगस्ट १९६९ मधील वुडस्टॉक महोत्सवाने त्यांना प्रसिद्धी दिली. १९७० च्या 'अब्राक्सास' या संग्रहात न्यूयॉर्कमधील टिटो प्वेन्ते यांची १९६० च्या दशकाच्या प्रारंभीची एक चा-चा-चा रचना त्यांनी इलेक्ट्रिक गिटार व ऑर्गनवर नव्याने मांडली. पुढे बंधू होर्हे सान्ताना यांच्या 'मालो' या वाद्यवृंदाचे 'सुआवेसितो' हे गीत १९७२ साली गाजले.

दोन्ही वस्त्यांतील साम्ये स्पष्ट आहेत. दोन्हीकडे स्थलांतरित आहेत, स्वस्त भाड्याच्या जागा आहेत, चर्चचा आधार आहे, वाडवडिलांची संगीतविद्या आहे आणि शहरात भेटलेले परके संगीत आहे. दोन्हीकडे मिश्रण आधी वस्तीत झाले व मग बाजारात गेले.

परंतु भेद अधिक बोलका आहे. मिशन डिस्ट्रिक्टचा तरुण रंगमंचावर स्वतःच्या नावाने उभा राहिला. त्याच्या तबकडीवर त्याचे नाव होते, ज्याची रचना घेतली त्या प्वेन्ते यांचेही नाव होते. धोबी तलावचा वादक मात्र स्टुडिओच्या काचेमागे बसला. चाल संगीतकाराच्या नावे, शब्द गीतकाराच्या नावे, स्वर पार्श्वगायकाच्या नावे आणि चेहरा नटाच्या नावे गेला. संयोजकाचे नाव श्रेयनामावलीत आलेच तर 'साहाय्यक' म्हणून. त्यामुळे मिशन डिस्ट्रिक्टमधून एका शैलीला नाव मिळाले. धोबी तलावमधून एका संपूर्ण युगाचा ध्वनी घडला, पण त्या ध्वनीला वस्तीचे नाव मिळाले नाही.

नाव हरवण्याचा प्रश्न

अँथनी गोन्सालविस (१९२७-२०१२) यांचे उदाहरण या संदर्भात मर्मभेदी आहे. गोव्यातील माजोर्डा गावचे हे व्हायोलिनवादक व संयोजक. १९५८ साली त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन करून धोबी तलावालगतच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा कार्यक्रम केला. त्यात लता मंगेशकर व मन्ना डे यांचा सहभाग होता. संगीतकार जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटातील गीतात प्यारेलाल यांनी गुरूचे नाव गुंफले. परिणाम असा झाला की, हे नाव देशातील लहानथोरांच्या ओठी बसले. पण ते एका अंड्यातून बाहेर पडणाऱ्या विनोदी पात्राचे नाव म्हणून. शिष्याने आदराने वाहिलेले फूल लोकांनी विनोद म्हणून स्वीकारले. ज्या संस्कृतीत गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात, त्याच संस्कृतीत ही घटना घडली, हे विसरता येत नाही.

कायद्यानेही या प्रश्नाची पूर्ण दखल घेतलेली नाही. २०१२ साली प्रताधिकार कायद्यात झालेल्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांच्या स्वामित्वधनाच्या हक्काला बळकटी दिली. संयोजकाला मात्र स्वतंत्र कर्ता म्हणून मान्यता मिळाली नाही. चाल म्हणजेच संगीत आणि वाद्यमेळ म्हणजे केवळ सजावट, ही धारणा त्यामागे आहे. 'शोला जो भडके'मधून लय आणि वाद्यमेळ वजा केला तर काय उरते, हा प्रश्न या धारणेला विचारला पाहिजे.

कोकणी गीत : वस्तीने स्वतःसाठी गायिलेले गाणे

या चित्राला एक महत्त्वाचा अपवाद आहे. चित्रपटसंगीतात अनाम राहिलेल्या वादकांनी कोकणी गीतांत मात्र आपल्या नावाने संगीत केले. ख्रिस पेरी (१९२८-२००२) यांनी जॅझ आणि लॅटिन लयीत कोकणी गीते बांधली व मुंबईत जन्मलेल्या लोर्ना कोर्देरो यांच्या आवाजाने ती गोमंतकीय घराघरांत पोहोचली. फ्रँक फर्नांड यांनी 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोकणी चित्रपट निर्माण केले. 'भुंयारांतलो मनीस' (१९७७) या चित्रपटाला पेरी यांचे संगीत होते. येथे लॅटिन लय निर्मात्याच्या मागणीची वस्तू राहिली नाही. ती दारुड्या नवऱ्याची, खलाशाच्या विरहाची, प्रेमभंगाची भाषा झाली. मिशन डिस्ट्रिक्टच्या संगीताशी खरे नाते जुळते ते या कोकणी गीतांचे.

मात्र या परंपरेचे गौरवीकरण करतानाही विवेक बाळगणे आवश्यक आहे. कूड ही पुरुषांची संस्था होती. स्त्रीला तेथे वास्तव्यास जागा नव्हती. वाद्यवृंदाचे नेतृत्व, रचना व करार पुरुषांच्या हाती होते. लोर्ना यांचा आवाज अनेक वर्षे रंगमंचापासून दूर राहिला आणि १९९० च्या दशकात त्या पुन्हा गाऊ लागल्या. त्यांच्या व पेरी यांच्या संबंधांच्या कथेवर आधारल्याचे मानले जाणारे कथानक 'नाचूंया कुंपासार' या चित्रपटात आले व २०१५ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपट ठरला. वस्ती आधार देते, तशी ती मर्यादाही घालते. समीक्षेने दोन्ही बाजू नोंदविल्या पाहिजेत.

यवतमाळच्या कानापर्यंत

प्रारंभी उपस्थित केलेल्या शंकेचे उत्तर येथे देता येते. यवतमाळचा कापूस विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून मूर्तिजापूरच्या अरुंद रूळमार्गाने मुख्य लोहमार्गावर आणि तेथून मुंबईला जात असे. ज्या कापसाने मुंबईचे भांडवल व गिरणगाव पोसले, त्याच मुंबईतून उलट दिशेने गाणी आली. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीवर चित्रपटगीतांवर बंधने आली, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाला'ने ही गाणी तालुक्यांपर्यंत नेली. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. लग्नाच्या वरातीतील बँडने तीच गाणी ट्रम्पेट-क्लॅरिनेटवर उचलली. काँगा हे वाद्य ज्यांनी कधी पाहिले नाही, त्यांचे पाय काँगाच्या लयीवर थिरकले.

जिल्ह्याच्या दृष्टीने यातून एक पद्धतिशास्त्रीय बोधही मिळतो. दिग्रस-पुसद भागातील बंजारा गीते, केळापूर-झरी भागातील गोंड-कोलामांची डंडार, दुर्गोत्सवाच्या मिरवणुकीतील वाद्यपथके यांचा अभ्यास बहुधा 'लोप पावत चाललेली लोककला' या चौकटीत केला जातो. हे कलावंत शहरात गेल्यावर कोणत्या वस्तीत राहतात, कोणत्या वाद्यांशी त्यांची गाठ पडते, त्यांच्या लयीत कोणता बदल होतो, हा प्रश्न सहसा अभ्यासाच्या कक्षेत येत नाही. धोबी तलावचे उदाहरण सांगते की, स्थलांतराने कला नेहमी नष्ट होत नाही. ती नाव बदलून, वेष बदलून दुसऱ्या गाण्यात जाऊन बसते. तिचा माग ठेवणारा अभ्यासक मात्र हवा असतो.

असा माग इंग्रजीत अलीकडे घेतला गेला आहे. ग्रेगरी बूथ यांनी स्टुडिओतील वादकांच्या मुलाखतींवर आधारित 'बिहाइंड द कर्टन' (२००८) हा ग्रंथ लिहिला आणि नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहल फॉक्सट्रॉट' (२०१२) मधून मुंबईच्या जॅझयुगाची कथा सांगितली. मराठीत सी. रामचंद्र यांचे 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मकथन उपलब्ध आहे. परंतु आत्मकथनाचा केंद्रबिंदू स्वभावतः लेखक असतो. त्याच्या भोवतीच्या वादकांच्या बाजूने लिहिलेला इतिहास मराठीत यावयाचा आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. धोबी तलाव परिसरातील लॅटिन लयीचे मूळ पोर्तुगीज वारशापेक्षा चर्चशाळेतील स्वरसाक्षरता, स्थलांतर आणि जागतिक ध्वनिमुद्रण व्यवसाय यांच्या संयोगात आहे. उसनवारीचा आक्षेप काही गीतांच्या बाबतीत खरा असला तरी संपूर्ण परंपरेला तो लागू पडत नाही. केरव्याच्या चौकटीत या लयीला मिळालेले स्थान हे सर्जनशील रूपांतराचे लक्षण आहे. मिशन डिस्ट्रिक्टच्या तुलनेत धोबी तलावचे वैशिष्ट्य त्याच्या संगीताच्या अनामिकतेत आहे आणि ही अनामिकता निसर्गदत्त नसून चित्रपटव्यवसायाच्या श्रेयव्यवस्थेने निर्माण केलेली आहे.

समीक्षेने या अनामिकतेला नकळत हातभार लावला. गायक व संगीतकार यांची नावे घेऊन ती थांबली. चित्रपटगीतांचा विचार अभ्यासक्रमात वा ग्रंथात होताना संयोजक व वादक यांची नावे चालीच्या शेजारी लिहिली जावीत, ही किमान अपेक्षा आहे. त्या स्वरलिपी लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक आज हयात नाहीत आणि त्यांनी लिहिलेले कागद ध्वनिमुद्रण संपताच निरुपयोगी मानले गेले. गाणे मात्र अजून वाजते आहे. गणपतीच्या मिरवणुकीत 'अलबेला'च्या लयीवर खांदे हलविणाऱ्या माणसाला ती लय कोठून आली हे ठाऊक असण्याची गरज नाही; ते सांगण्याची जबाबदारी अभ्यासकांची आहे.